बत्तीस मिलिमीटरचं माथेरान

पहाटे ४.१०

आषाढातला शुक्रवार. खांदेश्वर स्टेशनच्या भल्यामोठ्या हॉलमध्ये कुत्री झोपलीत. छताच्या एका कोपऱ्यातून पाणी टपकतंय, त्याखाली कुणीतरी बादली ठेवलीय. काका छत्री झटकतात आणि मोबाइलवर तिकीट काढतात. रिटर्नच काढतात. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात भिंग, दोरी बांधलेलं लोहचुंबक, व्हर्नियर, सहा इंची स्टीलची पट्टी, टॉवेलाचे तुकडे आणि पाण्याची बाटली. पैसे पिशवीत नसतात. ते पँटच्या आतल्या खिशात, पाचशेच्या नोटा वेगळ्या आणि सुट्टे वेगळे.

काकांचं वय त्रेसष्ट. तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं काढली, मग व्हीआरएस घेतली. आता पितळी इंजिनं करतात आणि दुरुस्त करतात. वाफेच्या इंजिनांच्या हुबेहूब लहान प्रती. त्या जमवणारे लोक मुंबईत आहेत, पुण्यात आहेत, दोघंतिघं परदेशात आहेत. काका त्यांना ‘शौकीन लोक’ म्हणतात. त्यात टोमणा नसतो. तसंच म्हणतात ते.

पनवेलहून गाडी येते. बसायला जागाच जागा. सानपाड्याला माथाडी उतरतात, मार्केटकडे जाणारे. कुर्ला गेल्यावर काका खिडकीबाहेर बोट दाखवतात. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती ह्याच हार्बरवर, व्हीटी ते कुर्ला.

“म्हणजे वाफेला पहिला धक्का इथंच बसला. आणि मी त्याच लाइननं वाफेची इंजिनं हुडकायला चाललोय.”

पहाटे ५.४०

सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी वरच्या मजल्यावर थांबते. जिना उतरून खाली, मग चालत. डोंगरीच्या बाजूनं काका न बघता वळणं घेतात.

चोरबाजारातली मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद. पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. पावसात कमी भरतो, पण भरतो. निळी प्लास्टिकं अंथरलेली, वरही निळं प्लास्टिक ताणलेलं. बुटांचे एकेक पाय. मोबाइलचे चार्जर. ड्रिल मशिन, मिक्सरची भांडी, घड्याळांचे सांगाडे. टॉर्चच्या उजेडात सगळं सारख्याच किमतीचं दिसतं.

शौकीन लोक इथं येत नाहीत. “त्यांचे बूट बघितले की भाव तिप्पट होतो,” काका म्हणतात. काकांच्या पायात रबरी चपला.

सकाळी ६.०५

एका प्लास्टिकवर पितळेचं इंजिन. हातभर लांब, दोन किलोच्या पुढं वजन. काळपट हिरवं पडलेलं.

“चाचा, अंग्रेज के जमाने का है. साडेचार हजार.”

काका ते उलटं करतात. लोहचुंबक खालून फिरवतात, कुठंच चिकटत नाही. म्हणजे लोखंडावर मुलामा दिलेला नाही, पितळ खरं आहे. मग चाकं बघतात. आरे भरीव. चाक आणि आस एकत्रच ओतलेली, फिरतच नाहीत. दांड्यांच्या जागी नुसती पट्टी. काका पोटाच्या आतल्या कडेला नख लावतात. हिरवं निघून नखात येतं, खाली कोरं पिवळं.

“मुरादाबादी ओतकाम. वाईट नाही, शोपीस म्हणून चांगलंय. पण वय असेल चार वर्षं. मिठाच्या पाण्यात म्हातारं केलंय.” हे मला, मराठीत. विक्रेत्याला फक्त, “अच्छा है, भाई. अपने काम का नहीं.” विक्रेताही हसतो. दोघं एकमेकांना ओळखतात.

पुढं नंबर प्लेटी. गोल, लांबट, ‘जीआयपी रेल्वे’ लिहिलेल्या. काका अक्षरांकडे बघतच नाहीत, आधी प्लेट पालथी करतात. मागच्या बाजूला ग्राइंडरचे ताजे चरे. परत ठेवतात. खऱ्या प्लेटीच्या भोकांना बोल्टनं दाबल्याची कड असते. इथं भोकं नुकतीच पाडलेली, धारदार.

सकाळी ६.५०

सापडतं ते एका पत्र्याच्या खोक्यात. इंग्लंडच्या मामोड कंपनीचं वाफेचं खेळणं. स्पिरिटच्या दिव्यावर चालतं. रंग जळालेला, चिमणी वाकडी, एक चाक नाही. बॉयलर मात्र शाबूत. काका सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग अंगठ्यानं दाबतात, ती परत वर येते. तोंडावर काहीच नाही. खोक्यातला एक पाना उचलतात, त्याचा भाव विचारतात. मग एका बल्बचा. मग सहज, “और ये?”

अठराशे. काका उठतात. पंधराशे. काका छत्री उघडतात. अकराशेला ठरतं. शेजारच्या डब्यात घड्याळजीचे बारीक टॅप आहेत, एक मिलिमीटर, एक पॉइंट दोन, एक पॉइंट चार. त्याला दीडशे. टॅप नवे घ्यायला नागदेवीला गेलं तर एकेकाला तेवढे पडतात, आणि तिथली दुकानं उघडायला अजून तीन तास आहेत.

सकाळी ८.००

चहा, ब्रून मस्का. दोघांचे मिळून नव्वद. परतीची गाडी रिकामी. समोरून येणाऱ्या गाडीच्या दारांना माणसं लटकलेली. काका मामोड मांडीवर घेऊन टॉवेलानं पुसतात, मग मान टाकून झोपतात. वाशीचा पूल आला तरी जाग नाही. खांदेश्वर यायच्या आधी मात्र आपोआप डोळे उघडतात.

सकाळी १०.१५

खांदा कॉलनीत एका इमारतीच्या तळमजल्यावर काकांचा गाळा. दहा बाय बारा. भाडं महिन्याला अकरा हजार, वीज वेगळी. एका बाजूला झेरॉक्स, दुसऱ्या बाजूला पोळीभाजी केंद्र. शटर अर्धंच वर करतात, कारण पाऊस आत येतो.

उजव्या भिंतीला राजकोटचा लेथ, सेकंडहँड. त्याच्या शेजारी घड्याळजीचा छोटा लेथ, बोटभर कामासाठी. मध्ये बाक. त्यावर सोनाराकडं असते तशी कमानीची करवत, पात्या केसासारख्या. कानसांचा पंखा: चपटी, गोल, त्रिकोणी, उंदराच्या शेपटीची. झाळायला गॅसची टॉर्च आणि विटांचा आडोसा. बाकाखाली दोन डबे. एकात पितळी कीस, दुसऱ्यात तांब्याचा. ते मिसळले तर भंगारवाला कमी भाव देतो, म्हणून लेथ बदलताना आधी ट्रे झाडायचा असा नियम. भिंतीवर साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा तीन फुटी रूळ, बारा व्होल्टची वायर लावलेला.

मदतीला एक पोरगा आहे, कामोठ्याचा. पनवेलच्या आयटीआयमधून टर्नर झालाय. रेल्वेत ॲप्रेंटिसचा फॉर्म भरलाय, वाट बघतोय. रोज सहाशे. तो आल्या आल्या लेथला तेल देतो आणि काकांच्या पिशवीत डोकावतो.

“काय मिळालं, काका?”

“अकराशेचं भांडण.”

सकाळी १०.५०

बाकावर माथेरान. म्हणजे माथेरानचं इंजिन, अजून अर्धवट.

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ती बांधली. रूळ दोन फुटी, चढ कुठं कुठं वीसास एक, आणि वळणं अशी की डबा स्वतःचीच शेपूट बघतो. तिच्यासाठी जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कोपेलनं चार इंजिनं दिली. सहा चाकी, पाण्याच्या टाक्या दोन्ही कुशीला. काका त्यातलंच एक करतायत, एकास एकोणीस मापात. त्या मापात दोन फुटी रूळ बत्तीस मिलिमीटरचा होतो.

मोठ्या रुळांचं गणित असं जमत नाही. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशी मापात तिचे सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवेत. पण जगभरात त्या मापाचा रूळ विकत मिळतो तो साडेसोळाचा, युरोप-अमेरिकेच्या गेजचा. त्यामुळं भारतीय इंजिन त्यावर बसवायचं तर पाय जवळ घ्यावे लागतात. बघणाऱ्याला कळत नाही. काकांना कळतं आणि खुपतं. “दोन फुटीत फसवाफसवी नाही. बत्तीस म्हणजे बत्तीस.”

काकांचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी. १८९७ ला सुरू झाली, पुढं पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरज. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा हट्ट असा की कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, मग रूळ हलका चालतो. म्हणून इंजिनाला चाकं भरपूर. आषाढीला त्या गाडीच्या टपावरही वारकरी. ती लाइन आता ब्रॉडगेज झालीय.

गाळ्यात सगळ्यात वरच्या फळीवर बार्शीच्या इंजिनाची चौकट पडलीय, धूळ खात. मी विचारतो, हे पुरं का नाही केलं?

“ऑर्डर नाही.”

दुपारी १२.००

आज आस बसवायचे आहेत. हे काम बघण्यासारखं आहे.

माथेरानच्या वळणांवर सहा चाकं एका ताठ चौकटीत बसवली तर ती रुळातच अडकणार. म्हणून जर्मनांनी क्लीन-लिंडनर नावाची युक्ती वापरली. मधला आस ताठ. पुढचा आणि मागचा आस पोकळ. पोकळ नळीला चाकं, तिच्या आत बारीक पोलादी आस. दोघांना मध्यावर एक गोळा आणि एक आडवी पिन जोडते. आतला आस चौकटीत सरळ फिरतो, बाहेरची नळी त्याच्याबरोबर फिरते, पण वळण आलं की थोडी तिरकी होऊ शकते. चाकं चौकटीच्या आत, क्रँक आणि दांडे बाहेर.

गिऱ्हाइकानं हे मागितलेलं नव्हतं. काचेच्या कपाटात उभं राहणाऱ्या इंजिनाला वळणं घ्यायची गरज नसते, आणि बाहेरून ते दिसतही नाही. काकांनी तरी केलं. नळी आठ मिलिमीटरची, आतला आस तीनचा, गोळा पाचाचा. गोळा लेथवर हातानं घडवला, पत्र्याच्या साच्यावर उजेडाला धरून. पत्रा आणि गोळा यांच्यामधून उजेड दिसला की पुन्हा कानस. दोन गोळे, दोन दिवस.

आता क्रँक. डावीकडचा क्रँक वर असेल तेव्हा उजवीकडचा बरोबर काटकोनात पाहिजे. खऱ्या इंजिनातही असंच असतं, म्हणजे एक सिलिंडर टोकाला अडला तरी दुसरा ओढतो. तिन्ही आसांवर हा काटकोन सारखा यायला हवा. एखादा अर्धा अंश जरी चुकला तरी दांडे अडतात.

काका आस व्ही ब्लॉकमध्ये ठेवतात. गुण्या लावतात. क्रँकच्या भोकात चिकटवणीचा एक थेंब, सुईच्या टोकानं. मग श्वास रोखून क्रँक दाबतात. मोबाइल वाजतो. कुणी उचलत नाही. दहा मिनिटं तसंच धरून ठेवायचं. पोरगा घड्याळ बघतो. नंतर आरपार भोक पाडून केसाएवढी पोलादी पिन ठोकायची, कारण चिकटवणीवर काकांचा विश्वास नाही.

दुपारी १.१५

चौकट काचेवर ठेवून पुढं ढकलतात. सरकते, सरकते, मग एका जागी जड होते. काका डोळे मिटतात. पुन्हा ढकलतात. त्याच जागी.

पोरगा दांडा काढून गोल कानस उचलतो. “काका, भोक जरासं वाढवू?”

“ठेव ती कानस.”

ती ठेवतो.

“भोक वाढवलं की चालेल. आज चालेल. मग सहा महिन्यांनी खडखडेल आणि ते गिऱ्हाईक मला फोन करेल, तुला नाही. कुठला आस चुकलाय ते आधी हुडक.”

मधला निघतो. पिन अजून मारलेली नाही, नशीब. टॉर्चनं क्रँक गरम करून चिकटवण सोडवतात, सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक तास गेला. काका वहीत लिहितात: ‘क्रँक, १ तास, फुकट’.

दुपारी २.२०

डबा. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, कांदा. काकू उरणच्या. मासेमारी बंद असते त्या दिवसांत घरात सुकट आणि जवळा. पोरगा पोळीभाजी केंद्रातून एक भाजी आणतो, तीस रुपये. खाताना काका कोथरूडच्या म्युझियमबद्दल बोलतात. भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं, १९९८ पासून चालू आहे. लहान गाड्यांचं अख्खं शहर. “तिथं गाड्या धावतात. पोरं काचेला नाक लावून बघतात. पाहिलंस का तू?” पोरानं पाहिलेलं नाही. “जा एकदा. एसटीनं जा, रेल्वेनं नको, पाऊस आहे.” रेल्वेच्या माणसाचा मुलगा हे म्हणतो.

दुपारी ३.००

डब्यातून निघतं दुरुस्तीला आलेलं जपानी इंजिन. अमेरिकन नमुन्याचं, तळहाताच्या दोन पट लांब. १९५० च्या दशकापासून पॅसिफिक फास्ट मेल नावाची अमेरिकन कंपनी जपानी कारागिरांकडून अशी पितळी इंजिनं करून घ्यायची. छोट्या छोट्या वर्कशॉपांत, हातानं झाळून. पुढं जपानात मजुरी वाढली, काम कोरियात गेलं. नंतर चीनमध्ये. ह्या इंजिनाचं झाळकाम काका भिंगाखाली धरून मला दाखवतात. बॉयलरवरून जाणारी नळी अर्ध्या मिलिमीटरची, तिला आठ आधार, प्रत्येक आधाराखाली झाळाचा ठिपका आणि एकही ठिपका बाहेर सांडलेला नाही.

“ह्या माणसाला मी कधी भेटलो नाही. पण हात ओळखीचा वाटतो.”

रोग दोन. मोटर आणि गिअर जोडणारी रबरी नळी वाळून दगड झालीय. आणि डब्यातला फोम सडून पितळेवर चिकटलाय, लाखेवर तपकिरी डाग पडलेत. नळीचा इलाज सोपा: मत्स्यालयाच्या दुकानातली सिलिकॉन नळी, फूटभर वीस रुपये, लागते अर्धा इंच. गिअरमधलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट. टूथपिकनं उकरून काढायचं, रॉकेलनं धुवायचं, नवं एक ठिपका भरायचं. फोम मात्र वेळखाऊ. कापसाचा बोळा, स्पिरिट, पण लाख उठू द्यायची नाही. घासायचं नाही, टेकवायचं आणि उचलायचं. पोरगा तासभर टेकवतो आणि उचलतो.

दुपारी ३.४०

मालकाचा फोन. दादरचे एक डॉक्टर. स्पीकरवर.

“काका, कितीपर्यंत जाईल?”

“साडेचार, डॉक्टरसाहेब.”

“अहो, एका रबरी नळीचे साडेचार?”

“नळीचे वीस. बाकी पोराच्या बोटांचे.”

शेवटी साडेतीन ठरतं. इंजिनाची बाजारात किंमत लाखाच्या घरात आहे, हे डॉक्टरांनीच गेल्या खेपेला सांगितलं होतं. मूळ डबा आहे म्हणून तेवढी, डबा नसता तर बरीच उतरली असती. रंग दिलेला नाही, हीही जमेची बाजू. आणि कधीच चालवलेलं नाही, ही सगळ्यात मोठी.

“आणखी एक,” काका म्हणतात. “तुमच्या कपाटाची काच कशानं पुसता?”

“तो निळा स्प्रे. का?”

“बंद करा. त्यात अमोनिया असतो.”

मग काका त्यांची आवडती गोष्ट सांगतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवायचे. पावसाळा संपला की पितळी कवचांना भेगा. बरीच वर्षं कारण कळेना. हवेनं तडकतं एवढंच म्हणायचे. १९२१ च्या सुमारास उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ओल, आणि दाबून बनवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप फाटतं. ठोकून, वाकवून केलेल्या इंजिनाच्या पत्र्यातही तोच ताण असतो.

पलीकडे डॉक्टर गप्प. मग म्हणतात, “साध्या पाण्यानं पुसतो.”

“आणि चिंच नको. देव घासायची पावडर तर नकोच. आईसाहेबांना सांगून ठेवा.”

दुपारी ४.३०

चहा. कटिंग बारा रुपये. लाइट जाते. लेथ बंद, पण टॉर्चला वीज लागत नाही, म्हणून झाळकाम काढतात.

पितळी इंजिन म्हणतात खरं, पण माथेरानचं हे वाफेवर चालणारं आहे, आणि त्याच्या पोटातला बॉयलर पितळेचा नाही. तांब्याचा. गरम पाणी आणि वाफ पितळेतलं जस्त हळूहळू खाऊन टाकतात, मागे राहतं ते ठिसूळ. खेळण्याला चालतं, चाळीस पौंड दाबाला काका ते लावत नाहीत. बॉयलरची टोकं त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून ठोकून काढलीत. पत्रा लाल करायचा, पाण्यात विझवायचा, पोलादी ठोकळ्यावर कड वळवायची. चार ठोके मारले की तांबं ताठरतं, पुन्हा लाल करायचं. हे काका पुण्याच्या तांबट आळीत एका म्हाताऱ्या कारागिराच्या समोर आठवडाभर बसून शिकले. फी घेतली नाही त्यांनी. रोज दुपारचा चहा काकांकडून.

झाळ चांदीची. चांदी महागली की कांडी महागते. काका कांडी वाया जाऊ देत नाहीत. चिमट्यानं मिलिमीटरभर तुकडे तोडतात आणि सांध्यावर मांडतात. वर टाकणखाराची लापशी. टॉर्च आधी लांबून, मग जवळ. टाकणखार फुगतो, मग काचेसारखा वितळतो. तांबं मंद लाल झालं की चांदीचा तुकडा एकदम पाण्यासारखा धावतो आणि सांध्यात शिरतो. ते एका क्षणात होतं. पोरगा “गेलं!” म्हणतो. काका टॉर्च तशीच तीन सेकंद जास्त धरतात.

नंतर आंघोळ. प्लास्टिकच्या डब्यात लिंबूफूल विरघळवलेलं, किराण्याच्या दुकानातलं, शंभर ग्रॅम चाळीस रुपयांना. ॲसिडचं कामही तेच करतं आणि शेजारच्या पोळीभाजीवाल्या बाईंना वास येत नाही.

संध्याकाळी ६.००

लाइट आली. बॉयलरची परीक्षा.

वाफ भरायची नाही, हवाही नाही. पाणी. हवा दाबली तर बॉयलर फुटताना बाँब होतो. पाणी दाबलं जात नाही, फाटलं तर थेंब गळतो आणि संपतं. आत एकही बुडबुडा राहू नये म्हणून काका बॉयलर उभा धरून काठोकाठ भरतात, टिचक्या मारतात. हातपंप लावतात. मापाचा काटा चढतो. वीस. चाळीस, म्हणजे रोजचा दाब. चाळीसच्या दुप्पट, ऐंशीवर थांबायचं आणि वाट बघायची.

दहा मिनिटं. काका टिश्यू पेपर प्रत्येक सांध्याभोवती फिरवतात. एक, दोन, तीन सांधे कोरडे. काटा ऐंशीवरून एकोणऐंशीवर. मग अठ्ठ्याहत्तर.

“आहे कुठंतरी.”

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुशाला टिश्यू ओला होतो. टाचणीच्या टोकाएवढा. आज झाळलेला नाही तो, गेल्या आठवड्यातला. आता पुन्हा सुकवणं, पुन्हा टाकणखार, पुन्हा पूर्ण बॉयलर लाल करणं, आणि ते करताना शेजारचे सांधे सुटू नयेत म्हणून त्यांच्यावर खडूची पेस्ट. उद्याचा अर्धा दिवस.

काकांचा चेहरा पडत नाही. वहीत लिहितात: ‘बुश, ७८, उद्या’.

संध्याकाळी ७.१०

भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, महिन्यातून एकदा. पितळी कीस तराजूवर. काका आधी लोहचुंबक त्यात फिरवतात, त्याच्यासमोर. काही चिकटत नाही. चार किलो दोनशे ग्रॅम. चारशे दहाचा भाव. एक हजार सातशे बावीस. पितळी पत्रा आणताना ह्याच काकांनी किलोला सातशेच्या पुढं आणि वर अठरा टक्के जीएसटी दिलेला असतो. तांब्याचा डबा ते विकत नाहीत. “भरू दे अजून.”

संध्याकाळी ७.४०

मी वही मागतो. देतात.

माथेरानच्या पानावर ठरलेली किंमत दोन लाख पंचवीस हजार. आगाऊ आलेले पंचाहत्तर हजार. माल आजवर एक्केचाळीस हजार तीनशे. तास पाचशे चाळीस झाले. पुढं पेन्सिलनं, ‘अजून १८०?’ पोराचे रोज वेगळ्या पानावर. गाळ्याचं भाडं कुठल्याच पानावर नाही.

“भाडं यात धरत नाही?”

“धरलं तर करता येणार नाही.”

रात्री ८.१५

डॉक्टरांचा ड्रायव्हर येतो, पुण्याहून दादरला परत चाललाय. काका जपानी इंजिन भिंतीवरच्या रुळावर ठेवतात. डायल थोडा फिरवतात. इंजिन अडखळत नाही, सरळ तीन फूट जातं, तीन फूट परत येतं. क्रँक, दांडे, सगळी बारीक नक्षी हलते. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा असावी.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टर.

“डबा दाखवा आधी. डाव्या कोपऱ्याला दाबलं गेलेलं नाही ना?”

ड्रायव्हर डबा फिरवून दाखवतो.

“आणि काका, चालवलंत?”

“तपासायला लागतंच.”

“किती? चाकांच्या मुलाम्यावर रेघ आली तर चालवलेलं म्हणून धरतात हो.”

“तीन फूट गेलं. तीन फूट आलं.”

“बास. तेवढंच. आता पुसून ठेवा.”

फोन बंद. काका कापूस आणि स्पिरिट घेतात. ड्रायव्हर दारातच उभा आहे, गाडीची किल्ली बोटात.

“हे खरंच चालतं का हो? आमच्या साहेबांकडं असली तीस आहेत. एकही चालताना बघितलं नाही मी.”

काका त्याच्याकडे बघतात. मग पोराकडे. पोरगा आधीच डायलपाशी पोचलाय.

तीन फूट गेलं, तीन फूट आलं. ड्रायव्हर खाली वाकून चाकांच्या उंचीवर डोळे आणतो. “परत,” म्हणतो. परत.

मग काका प्रत्येक चाक स्पिरिटनं पुसतात, भिंगाखाली धरतात. रेघ नाही. फोमच्या जागी सुती कापड, वर मूळ कागद, मग डबा. ड्रायव्हर पाचशेच्या सात नोटा मोजून देतो. त्यातली एक काका बाजूला काढतात, खिशातून शंभर घालतात आणि पोराला देतात.

“उद्या नऊला ये. बुश करायचाय. आणि येताना लिंबूफूल आण, डबा संपलाय.”